पूजेचा पाट

जुईनगर,
८ जुलै १९९६

चि. सौ. वेणूस,
अनेक आशीर्वाद.

अधिक महिना सरत आला. जावयाला वाण द्यायची रीत तुमच्या घरात अजून असेल अशी माझी समजूत होती. अनारशांसाठी माझा जीव अडलेला नाही, पण ताटभर नाही तर निदान चार ओळींचं कार्ड तरी यायला हवं होतं. तुझ्या भावाला म्हणावं, जावई मेलेला नाही, जुईनगरातच राहतो.

चार वर्षांत मी तुला पत्र टाकलं नाही, कारण घर सोडून जाणाऱ्यानं आधी लिहावं असं माझं मत होतं. ते अजूनही तसंच आहे. आज लिहितोय ते कामासाठी.

आमच्या कंपनीची पूजा तुला ठाऊक आहे. श्रावणातला सत्यनारायण. शिलाईची मशिनं भिंतीला सारायची, गाळ्यात मधोमध चौरंग मांडायचा आणि पाटावर मालकांनी नाही, तर कामगारांतल्या एका जोडप्यानं बसायचं. तुर्भ्याला गाळा घेतल्यापासूनची ही आप्पांची पद्धत. पहिल्यापासून मी तिथे आहे. तू किती श्रावण घरी बसून त्या पूजेचा शिरा ढवळलास, पातेलं रिक्षात घालून मीच नेत होतो, गाळ्यातल्या कोणी तुला कधी पाहिलंसुद्धा नाही. पण पाटावर बसायला आपल्याला कोणी सांगितलं नाही.

आणि ज्याला बसवतात त्याचं त्या वर्षात काहीतरी भलं होतं, हे मी पाहिलंय. सयाजीला गेल्या श्रावणात बसवला, दिवाळीला तो सुपरवायझर झाला. हाच सयाजी ताडपत्रीला रिंगा ठोकायला माझ्याकडे शिकला. आता तो मला 'हौसेराव, जरा इकडे या' म्हणतो, आणि मी जातो.

यंदा जासईला गोदाम निघतंय. तिकडे कंटेनरची यार्डं झालीत, ट्रकवाल्यांना ताडपत्र्या तिथेच लागतात. त्या गोदामाला इनचार्ज हवाय. परवा विश्वजित आप्पांना म्हणत होता (आप्पांचा मुलगा, तू इथे होतीस तेव्हा शाळेत होता, आता काचेच्या केबिनमध्ये बसतो), 'त्या जुन्याला एकदा बसवून टाका पाटावर, म्हणजे त्याची कुरकुर थांबेल.' काच असली तरी ऐकू येतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझा विषय तरी निघाला.

पूजा २४ ऑगस्टला, शनिवारी आहे. तू आदल्या दिवशी ये. दुसऱ्या दिवशी परत जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही.

हौसेराव


जुईनगर,
२३ जुलै १९९६

चि. सौ. वेणूस,
आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. 'पत्र पावलं. बघते.' पोस्टकार्डावर एवढी जागा कोरी सोडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

बघते म्हणजे काय? मी तुला देवदर्शनाला बोलावत नाहीये. माझं इतक्या वर्षांचं चीज व्हायचं की नाही, ते या एका दिवसावर आहे. तुला कंपनीतलं काही सांगावं तर तू आधीपासून म्हणायचीस, 'मग सोडून द्या ती.' तुला ते सोपं वाटतं.

माझं टेबल आधी आप्पांच्या शेजारी होतं, तुला सांगायचो, आठवतं? विश्वजितनं केबिन केली तेव्हा ते संडासाच्या दाराशी गेलं.  मग तिथे पाण्याचा कूलर आला, तेव्हा टेबल जनरेटरजवळ ठेवलं. जनरेटर सुरू झाला की माझ्या चहाच्या कपात लाटा उठतात. गेल्या महिन्यात कोणी मोठं गिऱ्हाईक आलं होतं, त्यानं माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण? विश्वजित म्हणाला, 'ते आपलेच आहेत, जुने आहेत.' माझं नाव त्याला ठाऊक नाही असं नाही. घ्यावंसं वाटलं नाही, इतकंच. कपाटाला कोणी नाव विचारतं का?

कंपनीचं माहितीपत्रक निघालं, त्यात सगळ्यांचा एकत्र फोटो आहे. मी डाव्या टोकाला उभा होतो. छापताना डावं टोक कापलं गेलं. माझा हात तेवढा आलाय, सयाजीच्या खांद्यावर.

आता तू विचारशील, मग इतकी वर्षं पाटावर का नाही बसवलं? ते तुला माहीत आहे. शकुबाईंनी, आप्पांच्या मंडळींनी, तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की पूजेला लेकुरवाळं जोडपं हवं. हे काही मी ठरवलेलं नव्हतं. मी घरी येऊन फक्त जे कानांनी ऐकलं ते तुला सांगितलं. ताट सरकवलं असेल. ते भिंतीपर्यंत गेलं, त्याला मी काय करू, ती फरशीच गुळगुळीत होती. तुझ्यामुळे माझं नशीब फुटलं असं मी म्हणालो म्हणतेस, तर रागात माणूस पुष्कळ बोलतो. तू लगेच बॅग भरलीस. दुसऱ्या बायका असं काही ऐकून घेतच नाहीत की काय?

असो. यंदा शकुबाईंची हरकत नाही. विश्वजितचा काळ आहे, त्याला लेकरंबाळं विचारायला वेळ नाही.

मोरपंखी साडी आण. इथे तुझं काही उरलेलं नाही, ट्रंक मी सगुणाबाईंना दिली. शेजारीण म्हणून दिली, उगाच मनात काही आणू नकोस.

हौसेराव


जुईनगर,
५ ऑगस्ट १९९६

वेणू,

आज आप्पांनी स्वतः बोलावून सांगितलं. केबिनमध्ये बसवलं, खुर्ची दिली, चहा मागवला. विश्वजित फोनवर होता, पण त्यानं मान हलवली. आप्पा म्हणाले, 'हौसेराव, यंदा पाटावर तुम्ही. तुमचं राहूनच गेलं होतं.' मी उरलेला चहा एका घोटात संपवला. 

मग आप्पांनी विचारलं, 'मंडळींना इतका वेळ बसवेल ना?' मी म्हटलं, बसवेल. बाहेर आलो तर सयाजी हात पुढे करून उभा. जासईच्या गोदामाचं कुलूप पाहून आलो म्हणाला, भलं मोठं आहे, तुम्हाला दोन्ही हातांनी लावावं लागेल. आधी मला राग आला, मग हसू आलं. म्हणजे त्यानंसुद्धा मान्य केलं की किल्ली मलाच मिळणार.

घरी आलो, दिवा लावला, आणि कोणाला सांगावं तेच कळेना. सगुणाबाई दारात आल्या तर त्यांना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, 'बरं झालं हो,' आणि कपडे वाळत घालायला निघून गेल्या. तू असतीस तर शंभर प्रश्न विचारून डोकं उठवलं असतंस.

वेणू, तू ये. तुझ्याशिवाय जमणार नाही.

सातारा-मुंबई गाडीनं निघ, वाशीला उतर. मी न्यायला येतो.

हौसेराव


जुईनगर,
२० ऑगस्ट १९९६

चि. सौ. वेणूस,
आशीर्वाद.

दोन आठवडे झाले, तुझं होय नाही की नाही नाही. मी वाट पाहत बसणारा माणूस नाही. आता मीच सांगतो, येऊ नकोस.

रागानं लिहीत नाहीये. दुसरा मार्ग निघालाय. काल भटजी यादी द्यायला आले होते. आप्पांनी त्यांना विचारलं की यजमानाची मंडळी अंथरुणावर असेल तर कसं? ते म्हणाले, त्यात काय, यजमानानं कमरेला सुपारी खोचून बसायचं. ती सुपारीच पत्नीच्या जागी. शास्त्रात आहे. आप्पांना बरं वाटलं. मलाही हायसं वाटलं, खरं सांगायचं तर.

आता ते अंथरुणाचं. तू गेलीस तेव्हा लोकांना काय सांगायचं, हा विचार तू केला नव्हतास. मला करावा लागला. बायको सोडून गेली म्हटलं की गाळ्यातला झाडूवालासुद्धा तोंड फिरवून हसतो. म्हणून मी लकवा सांगितला. लकवा म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही. डावी बाजू गेली, माहेरी ठेवलीय, भावजय करते. आप्पांनी तेव्हा मला जवळ घेतलं होतं. तेवढं एकदाच. त्यामुळे जोडीनं बसायचं म्हटल्यापासून मला घोर लागला होता. तुला धरून आणायचं, हळूहळू चालवायचं, असं काहीतरी मनात होतं, तू आल्यावर सांगणार होतो. आता त्याची गरज नाही. सुपारीला चालावं लागत नाही.

तेव्हा तू आपली तिकडेच सुखी राहा. माझं सगळं व्यवस्थित होणार आहे.

हौसेराव


जुईनगर,
२७ ऑगस्ट १९९६

वेणू,

मी स्पष्ट लिहिलं होतं की येऊ नकोस. तरी आलीस. माझं पत्र पोचायच्या आत निघालीस म्हणावं, तर आदल्या दिवशी एक तार का नाही केलीस?

तूच सांग, मी काय करायला हवं होतं. कथेचा तिसरा अध्याय चालू होता. संकल्प झाला होता, सुपारी कमरेला होती, समोर आप्पा, शकुबाई, विश्वजित, गिऱ्हाइकं. आणि जिची डावी बाजू गेलेली ती बाई दारात एका पायावर उभी राहून चपलेचा पट्टा सोडतेय. सयाजी तुझ्याशी काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. तो येऊन माझ्या कानात म्हणाला, 'हौसेराव, तुमच्या गावाकडची कोणतरी बाई आलीय, काय निरोप हाय का बघा.' आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, असू दे, सासरवाडीकडची आहे, जेवायला बसवा.

तू ऐकलंस, हे मला ठाऊक आहे. तू काही बोलली नाहीस त्याबद्दल मी आभार मानले असते, पण तुझ्या न बोलण्याचा मला कधी भरवसा वाटलेला नाही.

आरती झाली. सगळे पाया पडायला आले. विश्वजितसुद्धा अर्धा वाकला. वेणू, तो वाकला. रांगेत तू होतीस. तूही वाकलीस, आणि सुपारी खोचली होती तिथे एकदा पाहिलंस. मी तुझ्या हातावर प्रसादाचा द्रोण ठेवला. तुझे हात फार खरखरीत झालेत. मी वर पाहिलं नाही, कारण शकुबाई शेजारी होत्या. नंतर त्यांनीच तुला आपल्याजवळ पंगतीला बसवलं, म्हणजे तुझा काही अपमान झाला नाही.

पण पुढचं ऐक. सोमवारी मी धुतलेला सदरा घालून गेलो. वाटलं, आज जासईचं नाव निघेल. मला पाहून आप्पा उठून उभे राहिले. 'तुम्ही आज आलात?' म्हणाले. मी म्हटलं, का नाही येणार? त्यांनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, 'हौसेराव, जासईला सयाजी जाईल. तुमच्या घरची हकिकत आम्हाला कळलीय. बोलायलासुद्धा नको वाटतं मला. तुम्ही आधी गावी जाऊन या.' मी म्हटलं, आप्पा, घरचं काय ते चार वर्षं चालूच आहे, मी कामात कधी कमी पडलो का? त्यावर त्यांनी दुसरीकडे पाहिलं. मी पाणी दिलं ते घेतलं नाही.

म्हणजे बघ. ज्या लकव्याच्या जोरावर मला चार सहानुभूतीचे शब्द मिळाले, त्याच लकव्यानं माझा घात केला. आजारी बायकोच्या माणसाला लांब कसं पाठवायचं, हा त्यांचा विचार. आता मला वाटतं, मागेही हेच कारण असणार. सुपरवायझरकीच्या वेळीही. आणि सयाजीची हिंमत अशी की जागा लाटली ती लाटली, वर माझा हात धरून म्हणतो, धीर धरा. शकुबाई काल भटजींना पुन्हा घेऊन आल्या, गाळाभर गोमूत्र शिंपडलं, पूजा परत घालणार म्हणे. काय बिघडलं होतं, देवाला माहीत. कोणी मला काही सांगत नाही. मी समोर गेलो की बोलणी थांबतात.

तरी अजून वेळ गेलेली नाही. गोदाम गणपतीनंतर सुरू व्हायचंय. मी विचार केला, आणि एकच उपाय दिसतो. तू ये. बरी झालीस असं दाखवायचं. साताऱ्याकडच्या कोणा वैद्याचं औषध लागू पडलं म्हणायचं. काठी टेकत ये, डावा पाय थोडा ओढ, आप्पांना आणि शकुबाईंना नमस्कार कर आणि म्हण, आता मी खुशाल आहे, यांना कुठेही पाठवा. परवा आलेली बाई ती तुझी बहीण, म्हणून तोंडवळा सारखा. हे सगळं मी बोलेन, तुला बोलायचं नाही.

एवढं कर. नवऱ्यासाठी बायका याहून जास्त करतात. उलटटपाली कळव.

हौसेराव


आसगाव,
३० ऑगस्ट १९९६

हौसेराव यांस,

नाव लिहिलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आजच.

तुमचं वीस तारखेचं पत्र मी घरी परतल्यावर वाचलं. तुमच्या दारात उभी होते तेव्हा मला लकवा झालाय हे मला ठाऊक नव्हतं. मी आले ती त्या पाटासाठी नाही आले. तुझ्याशिवाय जमणार नाही असं तुम्ही लिहिलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तसं तुम्ही कधी बोलला नाहीत. वैनी म्हणाली, काम असंल म्हणून लिहिलंय. मी तिच्यावर रागावले. पहाटे उठून डोक्यावरून न्हाले आणि पहिल्या गाडीत बसले. वाशीपर्यंत मी काय काय ठरवत होते ते आता सांगत नाही, माझीच मला लाज वाटते.

पंगतीला शकुबाई माझ्या शेजारी होत्या. बाई चांगल्या आहेत. वाढणारणीला सांगून मला भात वाढायला लावला. मग हळूच विचारलं, 'तुमी त्यांच्या बायकोच्या माहेरच्या ना? कशी आहे हो ती? अंथरुणातून उठते का? आमी दर दिवाळीला तिच्या नावानं चादर देतो.' चादर मला कधी मिळाली नाही. तुम्हाला ऊब मिळाली असली म्हणजे झालं.

मी त्यांना म्हटलं, गेली ती. परवाच्या दिवशी गेली.

त्यांचा हात पानावरच राहिला. म्हणाल्या, 'अहो, मग हे पूजेला कसे बसले? त्यांना कळलं नाही?' मी म्हटलं, तोच निरोप घेऊन आलेय. मघाशी तुमचा माणूस त्यांच्या कानात सांगून आला, तुम्ही बघितलंच. ते म्हणाले, असू दे, जेवायला बसवा.

त्यांनी पुढं एक घास खाल्ला नाही. मी मात्र जेवले. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि तुमच्या कंपनीचा भात चांगला मोकळा होता. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. दारातच काय यायचं ते येऊन गेलं असणार.

आता तुम्ही म्हणता काठी टेकत ये. कशी येऊ? तुम्हाला दोन वाटा आहेत. ती बाई माझी बायकोच होती, ती जिवंत आहे, असं सांगा. मग तिला पाटावरून ओळख का दिली नाही हेही सांगावं लागेल, आणि लकव्याचंही. नाहीतर जसं चाललंय तसं चालू द्या. इतकी वर्षं तुमच्याकडे कोणी बघत नव्हतं म्हणत होता, आता सगळी कंपनी बघते आहे.

तुमच्या घरात मी एकदा मेलेच होते, भिंतीपाशी ते ताट उचलत होते तेव्हा. मला पुन्हा पत्र घालू नका. इथे भाऊ पत्रं फोडतो, त्याला उगाच कोड्यात पाडायला नको.

आणि येत्या मंगळवारी तेरावा दिवस येतो. जेवण घाला. कंपनीची माणसं वाट बघत असतील.

वेणू